रडायचं थांबलं, म्हणजे रुळलं?

मूल पहिल्यांदा पाळणाघरात ठेवलं की चौथ्या-पाचव्या दिवशी आईबाबांचा प्रश्न ठरलेला असतो. "दोन दिवस फार रडला हो. आता गप्प असतो, डबाही संपवतो. रुळला ना?" पाळणाघराच्या ताई म्हणतात, "रुळला की!" घरी आजी सांगते, "पोरांना सवय व्हायला कितीसा वेळ लागतो?" सगळे मनापासून बोलत असतात. पण ज्याच्याविषयी हे चाललंय तो दीड वर्षाचा आहे आणि त्याच्यापाशी जेमतेम दहा-बारा शब्द आहेत.

मानसशास्त्राची नेहमीची साधनं इथे उपयोगी पडत नाहीत. प्रश्नावली द्यायची तर समोरच्याला वाचता यायला हवं. मुलाखत घ्यायची तर स्वतःच्या मनाविषयी बोलता यायला हवं. तान्हं मूल असो किंवा वाचा गेलेला रुग्ण असो, त्याचं मन जाणून घ्यायचा मुख्य मार्ग उरतो, तो म्हणजे तो काय करतो ते बघणं. यालाच निरीक्षण पद्धत म्हणतात.

इथे वाचकाच्या मनात एक शंका येते, आणि ती रास्त आहे. बघत तर आम्हीही असतोच. आई रात्रंदिवस बाळाकडेच बघत असते. मग तिचं ते मत आणि संशोधकाचं ते शास्त्र, हे कशावरून? 'रुळलं का?' हाच प्रश्न हाती धरून आपण या शंकेचा छडा लावू. कारण विसाव्या शतकात या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते निरीक्षणातूनच, आणि ते मिळवताना या पद्धतीचं बळ आणि तिच्यातले धोके दोन्ही उघडे पडले.

१. बॉयलर सांभाळणाऱ्याची कार्डं

दुसऱ्या महायुद्धात मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात, युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली. तिथे एक नियम होता. बालगृहात काम करणाऱ्या प्रत्येकानं, मग त्याचं काम कोणतंही असो, मुलांचं वागणं बघून कार्डांवर टिपायचं. दर आठवड्याला सगळे एकत्र बसून त्या कार्डांवर चर्चा करत. जेम्स रॉबर्टसन तिथे बॉयलरची देखभाल करायला होते. मुलांकडे बघायचं कसं, हे ते या कार्डांवर शिकले. पुढे समाजकार्याचं शिक्षण घेऊन १९४८ मध्ये ते लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांच्या गटात दाखल झाले.

हॉस्पिटलात ठेवलेली लहान मुलं आईपासून दूर असताना कशी वागतात ते बघणं, हे त्यांचं काम. त्या काळी ब्रिटनमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांत आईबापांना आठवड्यातून एखाद-दोनदाच, तेही थोडा वेळ, भेटू देत. काही ठिकाणी तेवढंही नाही. कर्मचाऱ्यांचं म्हणणं प्रामाणिक होतं. मूल आल्यावर रडतं, मग शांत होतं. आई येऊन गेली की पुन्हा रडतं. त्यापेक्षा ती न आलेलीच बरी.

रॉबर्टसन वॉर्डात बसून राहिले. नर्सची पाळी बदलते, डॉक्टर फेरी मारून पुढे जातात. एकच मूल सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दिवसामागून दिवस बघणारं तिथे कोणी नव्हतं. ते त्यांनी केलं, आणि मूल घरी गेल्यावर त्याच्या घरीही जाऊन पाहिलं. त्यांना तीन टप्पे दिसले. पहिल्यात मूल आकांत करतं, दाराकडे टक लावतं, कोणी जवळ घेतलं तरी झिडकारतं. दुसऱ्यात रडणं ओसरतं. मूल पडून राहतं, काही मागत नाही. तिसऱ्यात ते पुन्हा जेवतं, खेळतं, नर्सकडे बघून हसतं, आणि आई आली तर तिच्याकडे फारसं लक्ष देत नाही. वॉर्डात दुसऱ्या टप्प्याला 'शांत झालं' म्हणत आणि तिसऱ्याला 'रमलं'. घरी गेल्यावर मात्र हीच मुलं आईला क्षणभर सोडत नसत, रात्री दचकून उठत.

रॉबर्टसन यांनी हे मांडलं तेव्हा डॉक्टरांना ते पटलं नाही. तुम्हाला जे बघायचंय तेच तुम्ही बघताय, असा सूर निघाला. हा आक्षेप कोणत्याही निरीक्षणावर घेता येतो, म्हणून त्यावर रॉबर्टसन आणि बोल्बी यांनी काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. त्यांनी फिल्म काढायचं ठरवलं. मूल स्वतः निवडायचं नाही, क्रमात योगायोगानं येईल ते घ्यायचं. चित्रीकरण रोज ठरलेल्या वेळी करायचं. आणि भिंतीवरचं घड्याळ चित्रात दिसत राहील असं बघायचं, म्हणजे सोयीचे तेवढे क्षण वेचले असं कोणाला म्हणता येणार नाही.

वाट्याला आली ती लॉरा. वय अडीच वर्षांच्या आत, बेंबीच्या हर्नियाचं साधं ऑपरेशन, मुक्काम आठ दिवसांचा. लॉरा फारशी रडतच नाही. आपलं टेडी अस्वल आणि पांघरूण उराशी धरून बसते. चेहरा आवळलेला. मध्येच, आवाज न चढवता, आई कुठे गेली म्हणून विचारते. घरी जायच्या दिवशी ती आईबरोबर चालत बाहेर पडते, पण आईचा हात धरत नाही.

१९५२ मध्ये ही फिल्म लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवली तेव्हा बरेच डॉक्टर चिडले. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनं सरकारला अहवाल दिला. हॉस्पिटलातल्या मुलांना आईबापांना केव्हाही भेटू द्यावं, अशी शिफारस त्यात होती. मुलांच्या वॉर्डाची दारं उघडायला त्या फिल्मचा मोठा हातभार लागला.

२. दिसलं ते आधी, वाटलं ते नंतर

लॉरानं हात धरला नाही, हे दिसलं. ती रुसली होती, हे वाटलं. रॉबर्टसन यांच्या कामाचा कणा हा फरक आहे, आणि नव्यानं निरीक्षण शिकणाऱ्याला सगळ्यात जड जातो तोही हाच.

क्रिकेटच्या मैदानावर स्कोअरर आणि समालोचक दोघेही तोच चेंडू बघतात. समालोचक म्हणतो, फलंदाज दडपणाखाली आहे. स्कोअरर वहीत एक टिंब टाकतो, कारण धाव निघालेली नाही. निरीक्षकाला आधी स्कोअरर व्हावं लागतं. समालोचन करायला नंतर भरपूर वेळ असतो, आणि ते त्या वहीच्या आधारानंच करायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. बालवाडीतल्या दोन मुलींची ही नोंद बघा: "ओवीला मुक्ताचा हेवा वाटला. तिनं रागानं मुक्ताचा खडू हिसकावला. मग तिला पश्चात्ताप झाला." वाचायला छान आहे, पण यात 'हिसकावला' एवढं एकच कृत्य दिसलेलं आहे, आणि त्यातही निरीक्षकाचा रोष मिसळलाय.

आता हीच घटना अशी लिहा: "१०.१२. ओवी आणि मुक्ता शेजारी बसल्या आहेत, मध्ये खडूंचा डबा. मुक्ता लाल खडूनं रंगवते आहे. ओवी डब्यात बघते, बोटांनी खडू चाळवते, मुक्ताच्या हाताकडे बघते. पुन्हा डब्यात बघते. मुक्ताच्या हातातला लाल खडू धरून ओढते. मुक्ता 'माझाय' म्हणते. ओवी चार-पाच सेकंद खडू धरून ठेवते, मग सोडते. डब्यातून निळा काढून मुक्तापुढे ठेवते आणि लाल खडूकडे बोट दाखवते."

या नोंदीतून वेगळीच गोष्ट उभी राहते. डब्यात दुसरा लाल खडू नव्हता. ओवीनं आधी तो शोधला, मग ओढून पाहिला, आणि जमेना तेव्हा अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला. हेवा आणि पश्चात्ताप कुठेच नाहीत, चार वर्षांच्या मुलीचा व्यवहार आहे. कदाचित माझा हा अर्थही चुकीचा असेल. पण नोंद शुद्ध असल्यामुळे तुम्ही तो खोडून काढू शकता. पहिल्या नोंदीनं ती वाटच बंद केली होती.

यातून एक कामाचा नियम निघतो. नोंदवहीच्या पानावर मध्ये रेघ मारायची. डावीकडे फक्त कॅमेऱ्याला दिसलं आणि ऐकू आलं असतं तेवढंच. उजवीकडे स्वतःचे तर्क. 'हट्टी', 'लाजाळू', 'मुद्दाम' हे शब्द डावीकडे आले की थांबायचं आणि आपण नेमकं काय बघून हा शब्द लिहिला, ते शोधायचं.

३. सगळंच कसं टिपणार?

बघण्यासारखं अपार असतं. ते सगळं टिपायचा प्रयत्न खरोखर झाला आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ओस्कालूसा या छोट्या गावात रॉजर बार्कर यांनी १९४७ मध्ये मानसशास्त्राचं एक क्षेत्र-केंद्र काढलं. तिथे २६ एप्रिल १९४९ या दिवशी सात वर्षांच्या एका मुलाचा अख्खा दिवस, सकाळी सातपासून रात्री साडेआठपर्यंत, आठ निरीक्षकांनी आळीपाळीनं लिहून काढला. मुलगा जागा होतो, मोजा ओढत ओढत पायात चढवतो, तिथपासून तो झोपेपर्यंत. बार्कर आणि हर्बर्ट राइट यांनी १९५१ मध्ये त्याचं पुस्तक केलं. एका मुलाच्या एका दिवसाला चारशेहून जास्त पानं लागली.

अशा नोंदींतून बार्कर यांना जे उमगलं ते पालकांनी जरूर ऐकावं. एकच मूल वर्गात, दुकानात आणि मैदानात इतकं वेगळं वागतं, आणि एकाच ठिकाणी आलेली वेगवेगळी मुलं इतकी सारखी वागतात, की मूल कसं वागेल याचा अंदाज त्याच्या स्वभावापेक्षा ते कुठे आहे यावरून पुष्कळदा नेमका बांधता येतो. 'शाळेत तर असं नाही करत हो' असं बाई म्हणतात आणि आईला ते खोटं वाटतं. दोघीही खरं बोलत असतात.

पण एका दिवसाला चारशे पानं, हा हिशेब परवडणारा नाही. म्हणून नमुना घ्यावा लागतो, आणि त्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत.

पहिली तऱ्हा घड्याळाच्या हिशेबानं चालते. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाच्या वेळात एका मुलाकडे एक मिनिट बघायचं, नोंद करायची, पुढच्या मुलाकडे वळायचं, आणि मुलांचा क्रम रोज बदलायचा. शेवटी प्रत्येक मुलाचे विखुरलेले कितीतरी मिनिटांचे तुकडे हाती येतात. त्यांतून पार्टेन यांना दिसलं की धाकटी मुलं बऱ्याचदा शेजारी बसून एकाच प्रकारच्या खेळण्याशी, पण आपापलं खेळतात. ठरवून एकत्र खेळणं वयाबरोबर वाढतं. दोन वर्षांचं मूल इतरांत मिसळत नाही म्हणून काळजी करणाऱ्यांना आजही धीर देता येतो तो या कामाच्या आधारावर.

दुसरी तऱ्हा घटनेच्या हिशेबानं चालते. हेलन डॉ यांनी १९३४ मध्ये लहान मुलांच्या दोनशे भांडणांचा अभ्यास छापला. त्या भांडण होण्याची वाट बघत. झालं की कशावरून, किती वेळ, कोण काय बोललं, कसं मिटलं, हे टिपत. सरासरी भांडण अर्ध्या मिनिटाच्या आतच संपलं. बहुतेक भांडणं वस्तूंवरून होती, बहुतेक मुलांनी आपली आपण मिटवली, आणि मिटल्यावर मुलं लगेच हसतखेळत होती. मोठी माणसं धावत मध्ये पडतात तोवर खरं तर काम झालेलं असतं.

कोणती तऱ्हा घ्यायची, हे बघायच्या गोष्टीवर ठरतं. सतत चालणारं वागणं, म्हणजे खेळणं किंवा अंगठा चोखणं, घड्याळानं मोजावं. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी घड्याळ लावलं तर ती नेमकी आपण दुसरीकडे बघत असताना घडून जाते.

४. बघणाऱ्यामुळे बदलणारं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा प्रसिद्धीला आला. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. सात आणि पाच किती, असं विचारलं की हान्स खुरानं बारा ठोके देई. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकारानं एक समिती बसली. समितीला लबाडी कुठेच सापडली नाही, आणि लबाडी नव्हतीही. फॉन ओस्टेन गावात नसतानाही परक्या माणसाला घोडा बरोबर उत्तर देई.

श्टुम्फ यांचे सहकारी ओस्कार फुंग्स्ट यांनी मग दोन साध्या गोष्टी केल्या. उत्तर माहीत नसलेल्या माणसाला प्रश्न विचारायला लावला; घोडा चुकला. घोड्याला प्रश्नकर्ता दिसणार नाही अशी झापडं लावली. घोडा पुन्हा चुकला. तेव्हा फुंग्स्ट घोडा सोडून माणसांकडे बघू लागले. प्रश्न विचारला की माणूस खुराकडे बघायला किंचित वाकतो, आणि ठोके योग्य आकड्याला पोचले की त्याचं डोकं मिलिमीटरभर वर उचललं जातं. घोडा तेवढं बघून थांबत होता. फुंग्स्ट यांना हे कळल्यावरही स्वतःची ती हालचाल रोखणं अवघड गेलं. १९०७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. सगळे घोड्याचं निरीक्षण करत होते, आणि त्या सगळ्यांपेक्षा बारकाईनं घोडा त्यांचं निरीक्षण करत होता.

हे माणसांच्या अभ्यासातही घडतं. रॉबर्ट रोझेंथल आणि कर्मिट फोड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना सांगितलं, हे चक्रव्यूहात हुशार वाणाचे आहेत. काहींना सांगितलं, हे मंद वाणाचे. उंदीर सगळे सारखेच होते. तरी 'हुशार' म्हणून दिलेल्यांचे आकडे चांगले आले. मनात जे ठरलेलं असतं ते हाताळण्यात उतरतं आणि मोजण्यातही. म्हणून आज निरीक्षकाला शक्यतो सांगतच नाहीत की समोरचं मूल कोणत्या गटातलं आहे आणि संशोधकाची अपेक्षा काय आहे.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे कोणी बघतंय हे कळलं की माणूस वागणं सावरतो. शाळेत तपासणीचे साहेब आले की वर्ग कसा असतो ते शिक्षकांना सांगायला नको. यावर उपाय म्हणजे निरीक्षकानं सवयीचं होऊन जाणं. पहिले काही दिवस नुसतं जाऊन बसायचं, मुलांनी येऊन वहीत डोकावलं तर डोकावू द्यायचं, आणि त्या दिवसांच्या नोंदी मोजणीत धरायच्या नाहीत. वेळ जातो, पण दुसरा रस्ता नाही.

५. दोघांना तेच दिसलं का?

एकाला दिसलं ते खरं कशावरून? म्हणून दुसरा निरीक्षक बसवतात, आणि दोघांनी एकमेकांशी न बोलता नोंदी करायच्या असतात.

समजा पाच मिनिटांचे पंधरा-पंधरा सेकंदांचे २० तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात मूल दुसऱ्या मुलाशी बोललं का, एवढंच 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. दोघांची उत्तरं १७ तुकड्यांत जुळली, तर १७ भागिले २०, म्हणजे ८५ टक्के एकमत. इथवर सोपं आहे.

आता बोलण्याऐवजी रडणं मोजू. पहिल्या निरीक्षकानं २० पैकी दोन तुकड्यांत रडणं नोंदवलं. दुसऱ्यानंही दोनच तुकड्यांत, पण वेगळ्या दोन. चार तुकड्यांत मतभेद, उरलेल्या १६ तुकड्यांत दोघांचं 'नाही'. एकमत ८० टक्के! आकडा भरघोस दिसतो, पण रडण्याच्या एकाही क्षणावर दोघांचं जुळलेलं नाही. दोघांनी डोळे मिटून, मनाला येईल तिथे दोन-दोन ठिकाणी 'हो' लिहिलं असतं तरी सरासरी ८२ टक्के जुळलं असतं. म्हणजे हे ८० टक्के नुसत्या योगायोगापेक्षाही कमी भरतात. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये योगायोगाचा हा वाटा वजा करून उरलेलं खरं एकमत सांगणारं माप दिलं. त्याला 'कप्पा' म्हणतात. निरीक्षणावर आधारलेला अहवाल हाती आला की आधी एकमताचा आकडा शोधावा, आणि तो नुसते टक्के आहेत की योगायोग वजा केलेला आहे ते बघावं.

एकमत कमी आलं तर दोष बहुधा डोळ्यांचा नसतो, व्याख्येचा असतो. 'रडणं' म्हणजे काय? ओठ थरथरले तर? डोळ्यांत पाणी, आवाज नाही, तर? हे आधी ठरवून लिहून ठेवावं लागतं. आणि शिकवून तयार केलेले निरीक्षकही आपलं काम आता कोणी तपासत नाही असं वाटलं की सैल होतात. जॉन रीड यांनी १९७० मध्ये हे मोजून दाखवलं. तपासणी होते आहे असं माहीत असताना जुळणाऱ्या नोंदी, तपासणी संपली असं वाटताच जुळेनाशा झाल्या.

६. कंपाला ते बाल्टिमोर

बोल्बी यांच्या गटात मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ याही काम करत. रॉबर्टसन यांच्या नोंदी वाचून त्या इतक्या भारावल्या की संधी मिळाली की असंच काम करायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं. १९५४ मध्ये पतीच्या नोकरीनिमित्त त्या युगांडातल्या कंपाला शहरी गेल्या, आणि तिथे आसपासच्या गावांतल्या २६ कुटुंबांकडे, दुभाषी बाईंना बरोबर घेऊन, दर दोन आठवड्यांनी जाऊ लागल्या. दुपारी बायका पाहुण्यांना बसायला बोलावतात त्या वेळी बैठकीच्या खोलीत बसायचं आणि बाळ काय करतं ते बघायचं.

त्यांना दिसलेली एक गोष्ट कोणत्याही मराठी घरात दिसेल. रांगणारं बाळ आईपासून दूर जातं, भांडी-कपडे उचकतं, मागे वळून आईकडे बघतं, परत येऊन तिच्या मांडीला हात लावतं आणि पुन्हा निघतं. आई जवळ आहे या भरवशावर त्याचं जग मोठं होत जातं. आई उठून गेली की हे हिंडणं थांबतं. बाळाचा लळा किती घट्ट आहे हे नुसत्या रडण्यावरून ठरवू नये, आईच्या असण्यामुळे बाळाला काय करता येतं तेही बघावं, हा विचार इथून आला.

अमेरिकेत परतल्यावर १९६३ पासून त्यांनी बाल्टिमोर शहरातल्या २६ कुटुंबांत हेच काम आणखी नेटानं केलं. बाळाच्या पहिल्या वर्षात सुमारे तीन आठवड्यांनी एक भेट, प्रत्येक भेट चार तासांची, म्हणजे एका घरात जवळपास ७२ तास. बाळ रडलं की लगेच उचललं तर ते लाडावतं, असा तिथेही समज होता. सिल्विया बेल आणि एन्सवर्थ यांना १९७२ मध्ये उलट चित्र दिसलं. ज्या आयांनी पहिल्या महिन्यांत रडण्याला लगेच दाद दिली, त्यांची बाळं वर्षाच्या अखेरीला कमी रडत होती. यावर पुढे वाद झाले आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं स्वच्छ दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

बाल्टिमोरमध्ये एक अडचण आली. तिथली बाळं आई खोलीबाहेर गेली तरी फारशी दचकत नसत. घरातल्या जा-ये करण्याची त्यांना सवय होती. म्हणून एन्सवर्थ यांनी बाळाला अनोळखी खोलीत बोलवायचं ठरवलं. वीस-एक मिनिटांचे आठ छोटे प्रसंग. आई आणि बाळ खेळण्यांच्या खोलीत येतात, अनोळखी बाई येते, आई निघून जाते, परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते. निरीक्षक एकतर्फी काचेमागून टिपत असतात.

सगळ्यांचं लक्ष आई गेल्यावर बाळ रडतं का याकडे होतं. खरी माहिती निघाली ती आई परत आल्यावरच्या पहिल्या काही क्षणांत. बहुतेक बाळं आईकडे झेपावली, तिनं घेतल्यावर शांत झाली आणि परत खेळायला लागली. काही बाळं आईला चिकटली आणि त्याच वेळी तिला ढकलत, लाथा झाडत राहिली. आणि काही बाळं आई गेली तेव्हा रडली नाहीत, आली तेव्हा तिच्याकडे वळलीही नाहीत. मान खाली घालून खेळण्याशी चाळा करत बसली.

बघणाऱ्याला यातली तिसरी सगळ्यात गुणी वाटतील. पण एन्सवर्थ यांच्यापाशी याच बाळांच्या घरच्या नोंदी होत्या, आणि घरी ती शांत नव्हती. पुढे १९७७ मध्ये अ‍ॅलन श्रूफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. खेळात खरोखर रमलेल्या बाळाचा ठोका मंदावतो. या बाळांचा मात्र आई गेल्यावर वाढला आणि ती परत आल्यावरही चढाच राहिला.

तेव्हा पाळणाघराच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. रडायचं थांबलं, एवढ्यावरून रुळलं असं म्हणता येत नाही. खेळताना मूल नवीन काही करून बघतं का, पडलं तर ताईंकडे जातं का, आणि संध्याकाळी तुम्ही दिसलात की तुमच्याकडे येऊन सैलावतं का, हे बघा. घ्यायला गेल्यावर मूल मुसमुसून रडलं तर बऱ्याचदा लोकांना वाटतं, दिवस वाईट गेला. तुमच्याजवळ येऊन रडता येणं हे पुष्कळदा चांगलंच लक्षण असतं.

एक सावधगिरी मात्र बाळगायला हवी. अनोळखी खोलीची ही कसोटी जपानमध्ये साप्पोरोला घेतली तेव्हा बरीच बाळं इतकी कासावीस झाली की प्रसंग मध्येच आवरावे लागले; तिथे तान्ह्या बाळाला एकटं ठेवायची रीतच नव्हती. त्या बाळांत काही कमी होतं असं नाही, कसोटी त्यांच्यासाठी जास्त कडक होती. आठ देशांतल्या ३२ अभ्यासांची १९८८ मध्ये एकत्र पाहणी झाली, तेव्हा देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या गटागटांतला फरक मोठा निघाला. आजी, काकू आणि मोठी ताई यांच्या कडेवर वाढणाऱ्या आपल्याकडच्या बाळाची फक्त आईबरोबर परीक्षा घेऊन निकाल लावणं मला तरी अपुरं वाटतं.

७. पद्धतीच्या मर्यादा आणि एक स्वाध्याय

निरीक्षण 'काय घडतं' हे सांगतं. 'कशामुळे' हे सांगायला ते एकटं पुरत नाही. लवकर उचललेली बाळं कमी रडतात की मुळात शांत बाळांना उचलणं आयांना सोपं जातं, हे नुसतं बघून सुटत नाही. त्यासाठी प्रयोग लागतो, आणि प्रयोग कोणता करायचा हे बहुधा निरीक्षणातून सुचतं.

दुसरी मर्यादा नीतीची. चोरून बघणं सोपं असतं आणि म्हणूनच टाळायचं असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलांवरच्या संशोधनाला पालकांची लेखी संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. बालवाडीत बसून नोंदी करायच्या असतील तर आधी बाईंना आणि पालकांना विचारा. नावं आणि फोटो वहीत नकोत.

आता एक स्वाध्याय. एसटी स्टँडवर किंवा रेल्वे फलाटावर कोणा मित्राला घेऊन बसा. सगळ्यांसमोर घडणारं, साधं वागणं निवडा, उदाहरणार्थ बाकावरचा माणूस मोबाइलकडे बघतो का. 'बघणं' म्हणजे काय ते आधी एका वाक्यात लिहा: पडदा उजळलेला आणि नजर त्यावर. पाच मिनिटं, पंधरा सेकंदांचे २० तुकडे, दोन वह्या, बोलायचं नाही. मग जुळणारे तुकडे मोजा. जिथे जुळलं नाही तिथे कोण चुकलं यावर वाद घालू नका. व्याख्येतला कोणता शब्द सैल होता ते शोधा, तो घट्ट करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.